राजूर घाटातला हीटर

मे महिना, सकाळचे साडेनऊ, राजूर घाटाचं दुसरं वळण. गाडीत चार माणसं. आणि मी पुढच्या सीटवर बसून हीटर फुल लावला.

मागून भीमरावभाऊंनी विचारलं, "काऊन हो, तब्येत बरी नाही का?"

"थंडी वाजून राह्यली," मी म्हणालो.

बाहेर असं ऊन होतं की घाटातली माकडं डांबरावर पाय टेकत नव्हती. एकमेकांच्या पाठीवरून रस्ता ओलांडत होती. शेवटचं माकड कसं आलं ते मला विचारू नका, तोवर आम्ही वळण घेतलं होतं.

हीटर लावण्यामागे कारण होतं. पण ते गाडीत कोणाला सांगायची सोय नव्हती. कारण त्या दिवशी मी मेकॅनिक नव्हतोच.

एरवी मी सुपडा मिस्त्री. मोताळ्याच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. तीस वर्षं डिझेलच्या मोठ्या गाड्यांखाली झोपतोय. ज्यांना आता सगळे एसयूव्ही म्हणतात त्या सात सीटर गाड्यांचा आवाज फोनवर ऐकून मी सांगतो, कोणत्या सिलिंडरला ताप आहे. एकदा तर मालकानं नुसता मिस्ड कॉल दिला होता. तेवढ्यावर मी बेअरिंग मागवून ठेवलं, आणि तेच निघालं.

आठ दिवस आधी रोहिणखेडच्या सुनंदाताई वानखडे गॅरेजवर आल्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. अर्ध्या मोताळा तालुक्याला त्यांनी इंजेक्शनं टोचलीत, त्यामुळे त्या समोर आल्या की माणूस आपोआप थोडा तिरपा उभा राहतो.

"सुपडाभाऊ, एक जुनी गाडी पाहाची आहे."

"आना ना मंग."

"आनता येत नाही. इवायाची आहे."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ताईंच्या मुलाचं लग्न धामणगाव बढ्याच्या तायडे सरांच्या मुलीशी ठरलं होतं. साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला होता, लग्न तीन आठवड्यांवर होतं. तायडे सर गणिताचे शिक्षक, तेही रिटायर. मुलगी सासरी गेली की एवढ्या मोठ्या गाडीत बसणार कोण, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली होती. ताईंना गाडी हवीच होती. सगळं जुळत होतं. फक्त व्याह्याच्या गाडीचं बोनेट उघडायचं नाही, हा आमच्या भागातला अलिखित कायदा आड येत होता. मेकॅनिक सोबत नेऊन व्याह्याच्या गाडीचं बोनेट उघडणं म्हणजे भर मांडवात नवरीचे दात मोजणं. सोयरिका मोडल्यात अशा.

"मंग मी पाहू काय? कलर?"

"पाहुणे म्हनून चला. हात लावू नका. नुसतं पाहा."

"ताई, पेशंटले हात न लावता डॉक्टर पाहते का?"

"मी इतके वर्ष दवाखान्यात काढले. बरेच पाहतात."

मी स्टूल पुढे सरकवलं. मग ताई स्टुलावर बसल्या आणि खरी गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान भीमरावभाऊ, रिटायर पोस्टमास्तर, यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुलढाण्याला डायलिसिस. म्हणजे मशीन रक्त धुऊन परत अंगात सोडतं. एक खेप चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, श्वास लागतो. महिनाभरात दोन खेपा चुकल्या होत्या. एकदा एसटी आली नाही, एकदा भाड्याची गाडी घाटात बसली.

"मले शोभेची गाडी नको," ताई म्हणाल्या. "घाट चढनारी पाहिजे. तेवढंच पाहून द्या."

मी हो म्हणालो. एक अटही घातली. ज्या कामाला गाडी घ्यायची त्याच कामाला नेऊन पाहायची. शुक्रवारी, भीमरावभाऊंना घेऊन, घाटातून. गावातल्या सपाट रस्त्यावर सगळ्या गाड्या साधू असतात. त्यांचा खरा स्वभाव चढावर कळतो.

असा मी चिखलीच्या कृषी कार्यालयातला क्लार्क आणि सुनंदाताईंचा चुलतभाऊ झालो. पांढरा शर्ट घातला. अडचण फक्त नखांची. तीस वर्षांचं ऑइल नखांत होतं. रॉकेल, निरमा, लिंबू आणि नदीची वाळू लावून मी दोन दिवस हात घासले. तळहातावरची आयुष्यरेषा थोडी पुसट झाली, नखं होती तशीच राहिली. शेवटी हात खिशात ठेवायचे ठरवलं.

आम्ही दहाला येतो असं कळवलं होतं. गेलो सातला. हा धंद्यातला पहिला नियम. जुनं डिझेल इंजिन रात्रभर गार पडल्यावर सकाळी कसं सुरू होतं, त्यात त्याचं अर्धं चरित्र असतं. म्हणून विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो. मी "काय कलर आहे हो सर," म्हणत बोनेटवर पंजा टेकवला. बोनेट कोमट होतं.

"सकाळीच कुठं जाऊन आले का?"

"दूध आनाले गेलो होतो," तायडे सर म्हणाले.

अंगणात त्यांच्या दोन म्हशी बांधलेल्या होत्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी रुमाल खाली पाडला आणि उचलायला वाकलो. गाडीखाली काळा डाग नव्हता, म्हणजे ऑइल गळत नव्हतं. समोरच्या बाजूला मात्र दोन-तीन पिवळे थेंब होते. लग्नघर आहे, हळद सांडली असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. तीस वर्षांत मी तीनच चुका केल्यात. दोन आठवत नाहीत. ही तिसरी.

मग आत बसलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही धुतली, तरी बेल्टच्या तळाशी गाळाची रेघ राहते. बेल्ट स्वच्छ होता. ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, पार झिजलेलं. मीटर म्हणत होता गाडी आत्ता कॉलेजात गेली, पेडल म्हणत होतं गाडी पेन्शन घेते. अशा वेळी पेडलचं ऐकायचं.

क्लच पाहायचा होता. मी आधी शिकवून ठेवल्याप्रमाणे ताईंनी हँडब्रेक ओढलेला ठेवून तिसऱ्या गिअरला क्लच सोडला. गाडी झटका देऊन बंद पडली. क्लच चांगला असेल तर अशीच बंद पडते. घसरणारा असेल तर इंजिन नुसतं बोंबलत राहतं.

"विहीनबाई, पयला टाका, पयला," मागून सरांचा जीव खालीवर झाला.

"सवय नाही ना," ताई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं दवाखान्याची जीप चालवली होती.

धूरही ठीक होता. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितं, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा आणि थांबत नसलेला म्हणजे पाणी आत जातंय. हिचा धूर एखाद्या सभ्य माणसाच्या बिडीइतकाच.

एकच गोष्ट खटकली. ताईंनी चावी फिरवली, इंजिन अजून सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात टेंपरेचरचा काटा उडी मारून बरोबर मध्ये जाऊन उभा राहिला. हा काटा इंजिनातलं पाणी किती गरम आहे ते दाखवतो. तो खालून हळूहळू वर यायला पाहिजे, ताप चढावा तसा. हा आल्याआल्या खुर्ची धरून बसला. म्हणजे कोणीतरी सेन्सरच्या वायरला छोटा रजिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारा मणी, जोडला होता. इंजिन गार असो की पेटलेलं, काटा मध्येच. काम सफाईचं होतं. ज्यानं केलं त्याच्या हातात कला आहे, असं मी मनात म्हणालो.

काटा खोटा आहे म्हटल्यावर खरा ताप कसा मोजायचा? बोनेट उघडायचं नाही. त्यावर उपाय हीटर. गाडीचा हीटर इंजिनातल्याच गरम पाण्यावर चालतो. पाणी नीट फिरत असेल तर हवा गरम येते. पाणी कमी झालं की हीटरला काही पोचत नाही, इंजिन तापलेलं असूनही हवा गार येते.

तर दुसऱ्या वळणावर मी हीटर फुल लावला. थोडा वेळ गरम हवा आली. तिसऱ्या वळणावर ती गार झाली.

"पाहा," तायडे सर मागून अभिमानानं म्हणाले, "आपल्या गाडीचा हीटर बी गार हवा देते."

"मस्त वाटून राह्यलं," भीमरावभाऊ म्हणाले.

माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. "ताई, बाजूले घ्या. मले उलटी येऊन राह्यली."

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं तसं बोनेटच्या फटींतून वाफ निघाली. आणि वाफेबरोबर वास आला. वास हळदीचा होता. एवढा पक्का की मागून आलेल्या मोटरसायकलवाल्यानं थांबून विचारलं, लग्न कोणाकडे आहे.

मला तो वास ओळखीचा वाटला.

"दहा मिन्ट थांबलं की होते," तायडे सर म्हणाले. "उन्हाळ्यात तिले तहान लागते. मी रोज सकाळी पाणी पाजतो. डिक्कीत कॅन आहे."

"सर," ताई म्हणाल्या, "बोनेट उघडा."

कायदा मोडला होता. तायडे सरांनी बोनेट उघडलं आणि मी पहिल्यांदा आत पाहिलं. रेडिएटर म्हणजे पाणी गार करणारी जाळी. तिच्यावर पिवळी खपली होती. वरच्या रबरी पाइपावर सायकलच्या ट्यूबची लाल पट्टी बांधली होती. तीन वेढे आणि डावीकडून उलटी गाठ.

लाल ट्यूब, तीन वेढे, उलटी गाठ. मोताळा तालुक्यात अशी गाठ एकच माणूस मारतो.

सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वी एक गिऱ्हाईक ही गाडी घेऊन आलं होतं. रेडिएटर गळत होता. मी नवीन टाकायला सांगितलं. ते म्हणालं, "मिस्त्री, दोन दिवस चालली पाहिजे, बस." कशासाठी दोन दिवस, ते मी विचारलं नाही. न विचारणं हीसुद्धा धंद्यातली एक कला आहे. मी रेडिएटरमध्ये पाव किलो हळद टाकली. हळद पाण्याबरोबर फिरते आणि जिथं बारीक भोक असेल तिथं जाऊन बसते. पंचक्रोशीत माझ्या हळदीचं नाव होतं. एका ट्रॅक्टरची गळती अशी थांबली होती की पुढे त्याचं पाणी बदलायला पान्याऐवजी छन्नी लागली. पण हळदीला चांगलं भोक कोणतं आणि वाईट कोणतं, हे कळत नाही. ती सगळीच बुजवते. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, काटा चढतो. ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं, म्हणालं, काटा चढून राह्यला. मी काट्याचा इलाज केला.

म्हणजे सकाळी मी ज्या कलाकाराचं कौतुक करत होतो तो मीच होतो.

"इवाई," सुनंदाताई तायडे सरांना म्हणाल्या. आवाज शांत होता. सुई टोचायच्या आधी असायचा तसा. "तुमाले माहीत होतं?"

"काय माहीत होतं?" सरांचा चेहरा पडला. "काटा तं मधातच आहे, पाहा ना तुम्ही. दीड वर्ष झालं, मी काटा पाहूनच गाडी घेतली. जिंदगीभर गणित शिकवलं मी. मधातला काटा मले पटते."

"अन् सकाळी दुधाचं?"

"सकाळी लवकर चालू होत नाही ती. पाहुन्यायसमोर शोभा नको म्हनून सहापासूनच गरम करत होतो." ते खाली पाहू लागले. "तेवढं खोटं बोललो. बाकी आईशपथ मले काही माहीत नाही."

भीमरावभाऊ दगडावर बसले होते, पाय सुजलेले, टॉवेल डोक्यावर. त्यांचा अकराचा नंबर होता. मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. सुनंदाताई आपल्या होणाऱ्या व्याह्याकडे पाहत होत्या, आणि तो माणूस खरं बोलतोय हे तिथं एकट्या मला माहीत होतं.

मी तीन गोष्टींचा विचार केला. पहिली, गप्प बसावं. दुसरी, खरंच उलटी करावी. तिसरी मला आवडत नव्हती, पण पहिल्या दोन जमेनात.

मी खिशातून हात काढले.

"सर, मी कृषी खात्यात नाही. मी मिस्त्री आहे. अन् हे काम माझं आहे. हळद माझी, काटा बी माझा. तुमाले फसोलं ते मी."

तायडे सरांनी माझी नखं पाहिली. मग पाइपावरची गाठ पाहिली. गणिताचा माणूस, त्यानं ताळा करून घेतला.

"दोन दिवसांचं काम होतं," मी म्हणालो. "दीड वर्ष टिकलं."

हे बोलायला नको होतं. पण निघून गेलं.

भीमरावभाऊ दगडावरून म्हणाले, "म्हणजे सुपडाभाऊ, तुमी आमाले तुमच्यापासूनच वाचवाले आले."

पहिल्यांदा हसले ते तायडे सर. मग भीमरावभाऊ. सुनंदाताई हसल्या नाहीत. घड्याळ पाहून, भीमरावभाऊंकडे हात करून त्या म्हणाल्या, "हसनं झालं असन तं यायले अकराले पोचवा."

तेवढ्यात एसटी आली. दारापर्यंत भरलेली. कंडक्टरनं आतूनच हात जोडले.

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. आम्ही अर्धा तास थांबलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अर्धा तास. घड्याळातल्या काट्यालाही कोणीतरी रजिस्टन्स जोडला असावा. मग चिंधी धरून झाकण हळू उघडलं. माझी लाल पट्टी सैल होऊन पाइप पाझरत होता. दुसरी ट्यूब नव्हती. ताईंनी पर्समधून क्रेप बँडेज काढलं, पायाला बांधतात ते.

"सरका," म्हणाल्या.

त्यांनी पाइपाला असं बँडेज बांधलं की पुढे पाइप बदलला तेव्हा मला तो बँडेजसकट डिस्चार्ज करावासा वाटला. सरांच्या कॅनमधलं पाणी भरलं. झाकण अर्धवट सैल ठेवलं, म्हणजे आत दाब साचत नाही.

"आता हीटर फुल," मी म्हणालो. "खरा. इंजिनातली गरमी आपल्या अंगावर घ्याची. तेवढंच ते गार राहीन."

यावेळी हीटरनं गरम हवा दिली. म्हणजे पाणी फिरत होतं. मे महिन्यात, चारही काचा खाली, अंगावर हळदीच्या वासाची वाफ घेत आम्ही उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. पेशंटला मागे ओल्या टॉवेलात गुंडाळलं होतं. वर पोचेपर्यंत माझं चार किलो वजन कमी झालं, पांढरा शर्ट पिवळा झाला. बुलढाण्यात दवाखान्याच्या दारात नर्सनं आम्हा चौघांकडे पाहून विचारलं, "पेशंट कोणता?"

अकराला वीस मिनिटं जास्त झाली होती. बाकीच्यांची मशीन चालू झाली होती, पण भाऊंचा बेड धरून ठेवला होता. भीमरावभाऊंची ती खेप चुकली नाही.

गाडी माझ्या गॅरेजवर आठ दिवस होती. रेडिएटर नवा, पाइप नवे, हीटरची जाळी नवी. हेड उघडून पाहिलं, म्हणजे इंजिनाचं डोकं. नशिबानं वाकलं नव्हतं. सकाळी सुरू न होण्याचं कारण जळालेले हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन पेटवायला आत तापणाऱ्या कांड्या, निघाले, तेही बदलले. वायरीतला माझा रजिस्टन्स मी स्वतः कापला. मजुरी मागायला तोंड नव्हतं.

सुनंदाताईंनी ती गाडी घेतली. मला वाटलं होतं घेणार नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "दुसरी गाडी घेतली तं तिचे रोग मले माहीत नसन. हिचे सारे माहीत आहेत. अन् रोग लावनाराबी."

त्यांनीही एक अट घातली. पुढचा एक महिना, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी गाडीत पुढच्या सीटवर बसून घाट चढायचा. हीटर फुल लावून. हवा गरम येतेय का ते पाहायला. नवी जाळी टाकल्यापासून ती उत्तम येत होती. भीमरावभाऊ मागे काच खाली करून बसायचे आणि अधूनमधून विचारायचे, "काऊन सुपडाभाऊ, थंडी वाजून राह्यली का?"

लग्न झालं. तायडे सर मला मांडवात हाताला धरून फिरवत होते आणि प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, हे चिखलीच्या कृषी कार्यालयात आहेत. सगळे हातांकडे पाहायचे. खतांच्या चौकशा तीन जणांनी केल्या, त्यातल्या दोघांना मी सल्लाही दिला.

तर जुनी गाडी घ्यायची असेल तर सांगतो. गार इंजिन पाहा. बेल्ट ओढा, पेडल पाहा, चढावर न्या, घामाची पर्वा न करता हीटर लावा. काटा कुठं आहे ते पाहू नका, चावी फिरवल्यावर तो तिथं कसा जातो ते पाहा. गाडी व्याह्याची असली तरी बोनेट उघडा, लग्नं त्यानं मोडत नाहीत.

आणि मेकॅनिक सोबत न्यायचा असेल तर दुसऱ्या तालुक्यातला न्या.